लोकरीत गुंडाळलेलं रक्त

गाबेस, ५ सप्टेंबर

सी बेलगासेम,

नावापुढे ‘सी’ लावलेलं बघून हसू नकोस. तीन वर्षं तू माझा फोन उचललेला नाहीस, तेव्हा एकदम ‘गासेम’ म्हणून सलगी करायची मलाच लाज वाटली. पत्र लझारच्या हाती देतोय. टपालाला दूझला पोचायला आठवडा लागतो, लझारच्या वडापला तीन तास. शिवाय पत्र वाचताना तुझं तोंड कसं झालं होतं ते टपालवाला सांगत नाही. लझार सांगतो, न विचारता.

मुद्द्याचं लिहितो. मागच्या महिन्यात तुमच्या मामीच्या मयताला मी मबरूकाबरोबर आलो होतो. तिच्याशी, सख्ख्या बहिणीशीही, तू बाहेर अंगणातच चार शब्द बोललास. मी बाहेर भिंतीला टेकून बसलो होतो. तू चहाचा ट्रे घेऊन माझ्यापुढून दोनदा गेलास आणि दोन्ही वेळा माझा ग्लास सोडून पुढच्याला दिलास. हाज मसऊदने ते पाहिलं आणि मिशीत हसला. असो. तुझं घर, तुझा चहा.

पण रीमला आपल्या भांडणाचं काय? ती आली, माझ्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली, जशी तिची आई नजमा राहायची. तू आत गेला होतास. मी तिच्या बरगड्यांना कान लावला.

माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. लहानपणी वाळवंटात गाडी येतेय हे मी तुझ्या आधी सांगायचो आणि पैज जिंकायचो. स्लूगी म्हणजे सशामागे धावायला जन्मलेलं शिकारी जनावर, त्याचं हृदय मोठं, त्यात थोडी घरघर असतेच. ती मी आता बरोबर ओळखतो आणि तिला घाबरत नाही. रीमच्या छातीत मात्र दुसरंच काही चाललं होतं. आठ-दहा ठोके नीट पडायचे, मग एक मध्येच घुसायचा, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा, आणि त्याच्यामागे एक जागा रिकामी. मी पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

ती पाच वर्षांची आहे. अंगावर तेज आहे, खाते, धावते, तुझ्या शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना जीव नकोसा करते. म्हणूनच लिहितोय. दम लागायला लागला, खोकला सुरू झाला, की कुणालाही दिसतं. रक्त त्याच्या वर्षभर आधी सांगतं. हृदयाच्या भिंतीला ताण पडला की ती एक द्रव्य रक्तात सोडते, आणि ती मोजण्याचं यंत्र माझ्याकडे आहे. डिसेंबरच्या जत्रेत ससा सोडतील तेव्हा तू रीमला सोडणार, हे सगळ्या दूझला माहीत आहे. त्याच्या आधी मला तिच्या रक्ताची एक नळी दे. एवढंच.

मबरूकाने लिही म्हटलं म्हणून लिहिलं. मी आपला माझ्या कामात बरा आहे.

फर्जानी


गाबेस, २२ सप्टेंबर

गासेम,

‘सी’ काढून टाकलं. लझारने सगळं सांगितलं. तू उभ्याउभ्या पत्र वाचलंस, दुसऱ्यांदा वाचलंस, आणि म्हणालास, “यंत्रवाल्याला सांग, माझ्या कुत्रीचं काय ते मी बघेन.”

कुत्री? तू रीमला कुत्री म्हणालास? आपल्यात स्लूगीला कुत्रं म्हणणाऱ्या पाहुण्याला दुसरा चहा मिळत नाही. तुझ्या वडिलांनी एका सरकारी साहेबाला एवढ्यासाठी उन्हात उभं केलं होतं. राग किती मुरलाय ते एका शब्दात कळलं. पण लझार असंही म्हणाला की तू पत्र फाडलं नाहीस, घडी करून बुर्नूसच्या आतल्या बाजूला ठेवलंस. तेवढ्यावर मी पुढचं लिहितोय.

आधी एक दुरुस्ती. मबरूकाने मला काही सांगितलं नव्हतं. तिला पत्राचं लझारकडून कळलं. मग ती दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली, कारण मला वाटतं ती स्वतःच लिहिणार होती.

आता नजमाचं. ती गोष्ट तू तुझ्या बाजूने विहिरीपासून मशिदीपर्यंत सगळ्यांना सांगितलीस. माझ्या बाजूने कुणी ऐकलीच नाही, म्हणून तू ऐक.

पाच वर्षांपूर्वी मी ते यंत्र घेतलं तेव्हा रीम दोन महिन्यांची होती आणि नजमा सहा वर्षांची. नजमाला काही झालेलं नव्हतं. मीच हौसेने तिचं रक्त काढलं. आकडा आला बाराशे चाळीस. तपासणीच्या पाकिटात जो कागद येतो त्यावर लिहिलं होतं की नऊशेच्या वर हृदय आजारी समजावं. मी तुला शिक्का मारून लिहून दिलं, हिला पळवू नकोस, हिची पुढे पैदास घेऊ नकोस. तू एक प्रश्न विचारला नाहीस. लोक म्हणाले, “अरे, हिच्याएवढं दूझमध्ये कुणी पळत नाही.” तू म्हणालास, “माझा मेहुणा म्हणतो. संपलं.”

दोन वर्षं तू तिला दोरीला ठेवलंस. आणि मग तो दिवस. तिने दोरी चावून तोडली, भर बाजाराच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर सशामागे गेली. लोक म्हणाले आता पडेल, मग पडेल. तू तिच्यामागे अनवाणी धावत होतास. ती टेकडीमागे गेली, परत आली, ससा तोंडात, आणि तुझ्या पायाशी ठेवून शेपटी हलवत उभी राहिली. धापसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून हाज मसऊद विचारतो ना, “तुझ्या मेहुण्याच्या यंत्राला विचार रे, उद्या वारा सुटेल का?” मला माहीत आहे. मला सगळं ऐकू येतं.

चूक कागदाची होती. ज्या देशात तो कागद छापला तिथली कुत्री गालिच्यावर झोपतात आणि बिस्किटं खातात. नऊशेची रेघ त्यांच्यासाठी. धावण्यासाठीच जन्मलेल्या जनावराचं हृदय मोठं, त्याचा आकडा निरोगीपणातही वर असतो. हे त्या कागदावर नव्हतं. मला कुठून कळणार?

पण मी हात बांधून बसलो नाही. तीन हिवाळे दूझपासून रजीम मातूगपर्यंत आणि तिकडे तातावीनपर्यंत फिरलो. त्रेचाळीस स्लूगी, सगळी धावणारी, सगळ्यांची छाती जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर वसीलाने पडद्यावर बघून पास केलेली. प्रत्येकाचं रक्त मी स्वतः काढलं. माणसं मला बघून हसायची आणि मग जेवायला घालायची. एका तंबूत मला मतब्बगाच्या भरल्या भाकऱ्या एवढ्या वाढल्या की सुई धरायला बोटं वळेनात. त्या त्रेचाळीसांवरून मी आमची स्वतःची रेघ काढली. सोळाशे. आज गाबेसच्या दवाखान्यात स्लूगीचं रक्त आलं की ती रेघ लावतात, पाकिटातली नाही. दक्षिणेत असं काम दुसऱ्या कुणी केलेलं मी तरी ऐकलेलं नाही, आणि माझ्या कानावरून फारसं काही सुटत नाही.

तेव्हा आता माझ्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नळी पाठव.

फर्जानी


गाबेस, १७ ऑक्टोबर

गासेम,

तुझी नळी पोचली. बरोबर चिठ्ठी नव्हती, नुसतं तुझ्या अक्षरात ‘रीम’. आकडा आला तेराशे दहा.

तुला एक पत्र मी परवाच लिहून ठेवलं होतं. ‘अभिनंदन, सोळाशेच्या आत, आईसारखाच आकडा, आईसारखंच हृदय, जत्रेत खुशाल सोड.’ शेवटी चार ओळी विनोदाच्याही होत्या. पाकीट बंद केलं, लझारला हाक मारायला बाहेर आलो, आणि सहज त्याला विचारलं, नळी आणताना वाटेत थांबला होतास का.

“नाही,” म्हणाला. “फक्त हम्माला.”

“हम्माला किती वेळ?”

“गरम झऱ्यावर अंघोळ केली. गुडघे दुखतात, भाई. मग तिथेच आतेभाऊ भेटला. मग जेवलो.”

“आणि नळी?”

“नळी कशाला अंघोळ करेल? गाडीच्या समोरच्या काचेखाली ठेवली होती. बेलगासेमने सांगितलं होतं, उबेत ठेव.”

मग मी ती नळी ज्यात आली होती ते कचऱ्याच्या डब्यातून परत काढलं. उंटाच्या लोकरीचा मोजा. नवा, घट्ट विणलेला. स्लूगीचं पिल्लू जन्मलं की थंडी बाधू नये म्हणून आपण त्याला लोकरीत गुंडाळतो, तसं तू तिचं रक्त गुंडाळलंस. रक्ताला गारवा लागू नये म्हणून. आणि मग ते सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत काचेखाली उन्हात शेकलं.

गासेम, ही एकच गोष्ट मी तुला लिहायला विसरलो. आम्ही जे मोजतो ते उबेत विरतं. रक्त जितकं शेकेल तितका आकडा खाली येतो. आजारी जनावरही निरोगी दिसतं. तेराशे दहा हा रीमचा आकडा नाही, तो लझारच्या अंघोळीचा आकडा आहे.

हे मला माहीत नसतं तर मी परवाच तुझ्या घरी बसून चहा घेतला असता. खरं सांगतो, माहीत झाल्यावरही मी पाकीट दहा मिनिटं हातात धरून उभा होतो. तेराशे दहा. तुला हवं ते, मला हवं ते, मबरूकाला हवं ते. पैदास चालू, जत्रा चालू, आणि हाज मसऊदचं तोंड बंद. मी स्वतःला म्हटलं, कोण जाणे, खरा आकडाही तोच असेल.

मग कानात तो ठोका आला, मध्येच घुसणारा. पाकीट फाडलं.

आणि फाडलंच आहे तर मागच्या पत्रातलंही एक दुरुस्त करतो. चूक कागदाची होती असं मी लिहिलं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं की एकट्या आकड्यावर ठरवू नये, डॉक्टरने छाती पडद्यावर बघावी. डॉक्टर वसीला तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. दोन महिने थांबलो असतो तर तिने नजमाची छाती बघून मला वेड्यात काढलं असतं. मी थांबलो नाही. तिचा शिक्का माझ्या खणात होता, तो मी मारला.

का, ते तुला माहीत नाही. मबरूकाला मागायला मी आलो तेव्हा तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं, “स्फाक्सच्या रक्तवाल्याकडे बाटल्या धुणारा तो तूच ना?” सगळ्यांसमोर. मी हसलो आणि हो म्हणालो. धुतच होतो. बाटल्या धुता धुता मी त्यांचं सगळं काम शिकलो, ते दुकान बंद झालं तेव्हा त्यांची यंत्रं मीच उचलली. पण तो प्रश्न माझ्या कानातून गेला नाही. तुमच्या घरातल्या सगळ्यांत नामी जनावरावर माझ्या कागदाने हुकूम चालवावा, असं मला वाटलं. आणि चालला. तू मान खाली घालून ऐकलंस. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

रीमचं रक्त पुन्हा काढावं लागेल. या वेळी बर्फात. त्या सकाळी तिला पळवू नकोस, तिला स्वस्थ बसू दे. लझारच्या हाती काही देऊ नकोस.

फर्जानी


गाबेस, ५ नोव्हेंबर

गासेम,

ही चिठ्ठी जी देतेय तिला घरात घे. मला घेऊ नकोस, तो आपला वेगळा हिशेब.

तुझं काही उत्तर आलं नाही, तेव्हा मी बर्फाची पेटी आणि माझं फिरतं चक्र, ज्यात रक्त घुसळून त्याचं पाणी वेगळं करतात, गाडीत टाकत होतो. मबरूका दारात आली. म्हणाली, “कुठे?”

मी म्हटलं, “दूझला.”

“तुला बघून तो दार लावेल. मग तू भिंतीला कान लावून बसशील. उतर.”

“सुई कोण टोचेल?”

“बारा वर्षं तुझ्या दुकानात मी काय करते, खजूर निवडते?”

मी उतरलो आणि किल्ली तिला दिली. तुला माहीत आहे तुझी बहीण. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, रीमला कळणारही नाही. तू फक्त तिची मान धर आणि तिच्याशी बोल. मबरूका तिथेच चक्र फिरवेल, वरचं पिवळं पाणी बर्फात ठेवेल आणि दुसरीकडे कुठेही न थांबता परत येईल. हम्मावरून जाताना तिला डोळे मिटून घ्यायला सांगितलंय.

तुमच्याकडे खजुराची तोड चालू असेल. तिला घाई करू नकोस. तीन वर्षं ती अंगणापुढे आलेली नाही.

फर्जानी


गाबेस, ७ नोव्हेंबर

गासेम,

आकडा सरळ लिहितो. दोन हजार चारशे साठ.

दोनदा केलं. दुसऱ्यांदा दोन हजार चारशे दहा. आमच्या रेघेच्या बरंच वर. नजमाच्या वेळी मी जे चुकीचं सांगितलं ते आता बरोबर सांगतोय, याची मला कल्पना आहे. तेच अक्षर, तेच ‘पळवू नकोस’. तू कागद भिंतीवर मारलास तर मी समजून घेईन.

म्हणून या वेळी शिक्का नाही. मंगळवारी डॉक्टर वसीला तिची पडद्याची पेटी घेऊन तुझ्याकडे येतेय. मी तिला आकडा सांगितलेला नाही. मुद्दाम. ती रीमची छाती कोऱ्या डोळ्यांनी बघेल, आणि जे दिसेल ते तुला तिथेच दाखवेल. ती जर म्हणाली की सगळं ठीक आहे, तर माझी रेघ, माझी त्रेचाळीस जनावरं आणि मी, सगळे खोटे. मी दुकानावर तसं लिहून लावीन. पण तसं होणार नाही, असं मला वाटतं. माझे कान आणि आकडा पहिल्यांदाच एकाच बाजूला आहेत.

मबरूकाने आल्यावर सांगितलं की तू तिला एक शब्द बोलला नाहीस, फक्त रीमशी बोलत होतास. पण निघताना तिच्या गाडीत खजुराचे दोन घड ठेवलेस, फांदीसकट. ती रस्ताभर रडली आणि इथे आल्यावर म्हणाली, डोळ्यांत वाळू गेली.

फर्जानी


गाबेस, २५ नोव्हेंबर

गासेम,

डॉक्टर वसीला म्हणाली, तू पडद्याकडे पाठ करून उभा होतास आणि मग अचानक वळून म्हणालास, “दाखव.” तिने दाखवलं. डावा कप्पा पसरायला लागलाय, पंप थोडा ढिला पडलाय. थोडा. हा शब्द तिने तीनदा वापरला आणि मला तो लिहायला सांगितला. रीमला अजून काहीच कळलेलं नाही. हेच तर हवं होतं. हे दुखणं वर्षभराने सापडलं असतं, तर जनावर त्याच दिवशी गमावलं असतं, बहुधा सशामागे, जत्रेत, सगळ्यांसमोर. आत्ता सापडलं म्हणून गोळ्यांवर ती कितीतरी काळ मजेत राहील. किती, ते डॉक्टरही सांगत नाही, मीही नाही. मी आता न विचारलेल्या गोष्टी लिहून देत नाही.

गोळी दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी. चालणं, फिरणं, कोंबड्यांमागे दोन पावलं, चालेल. सशामागे नाही.

पैदास नको, असं डॉक्टर म्हणते. हे लिहायला मला सगळ्यांत जड गेलं. नजमाची मुलगी एकच, आणि नजमाच्या अंगात आणखी दोन वेतं होती, जी मी माझ्या खणातल्या शिक्क्याने बंद केली. हे तुला कुणी सांगायला नको. मी तुला सांगतोय, एवढाच फरक. मी चुकलो, गासेम. तीन वर्षं हे वाक्य माझ्याकडे होतं, मी त्याच्याभोवती बरंच काही बांधत बसलो.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. त्या त्रेचाळीस जनावरांच्या वहीत पहिलं नाव मी नजमाचं घातलंय. तिचा तो जुना आकडा, बाराशे चाळीस, आणि पुढे खूण, निरोगी. तिने दोरी तोडून सिद्ध केलं ते मी लिहून ठेवलं, बाकी काही नाही. आज कुणाचंही स्लूगी आमच्याकडे आलं की ते आधी तिच्याशेजारी उभं राहतं. ती धरली की जनावरं चव्वेचाळीस होतात. मी लोकांना त्रेचाळीसच सांगतो.

जत्रेचं तू ठरव. मी येणार आहे, दरवर्षी येतो, उंटांच्या मागे उभा राहतो. तू मला कधी पाहिलेलं नाहीस.

फर्जानी


गाबेस, २९ डिसेंबर

गासेम,

काल मी तिथे होतो. मैदानाच्या डाव्या हाताला, मालवाहू उंटांच्या मागे, पंचवीसेक पावलांवर.

नावं पुकारली गेली. पहिलं स्लूगी सुटलं, दुसरं सुटलं. तुझं नाव आलं तेव्हा मी उंटाच्या मानेआडून डोकावलो. तू पुढे आलास. रीमच्या चारी पायांना मेंदी होती, गळ्यात नजमाचा तो जुना लाल पट्टा. ती ससा बघून ताठ झाली. लोक ओरडत होते, सोड, सोड. तू खाली वाकलास, आणि मला वाटलं, झालं. तू तिच्या गळ्यातली दोरी सोडली नाहीस. उलट हाताला एक वेढा आणखी दिलास आणि तिला घेऊन मैदानाच्या कडेकडेने चालत निघालास, सावकाश, वरातीत चालावं तसा. ती तुझ्या मांडीला घासत, मान वर करून, जणू सगळा खेळ तिच्यासाठीच मांडलाय.

हाज मसऊद पुढच्या रांगेत होता. त्याने संधी सोडली नाही. “काय रे बेलगासेम,” म्हणाला, “नटवून आणलीस आणि पळवत नाहीस? नवरी आहे का तुझी?”

लोक हसले.

तू म्हणालास, “हिचा आकडा वर आहे.”

“कोण म्हणतो?”

तू रीमच्या गळ्यातला पट्टा सरळ केलास. त्याला तुला फार वेळ लागला असं मला वाटलं, पण मी ठोके मोजायला बसलो की मला सगळंच लांब वाटतं. समोर तिसरं स्लूगी सशामागे गेलं होतं, लोक तिकडे बघत होते, उंट ओरडत होते, ढोल चालू होता. मला तरी ऐकू आलं.

“माझा मेहुणा म्हणतो,” तू म्हणालास. “संपलं.”

हाज मसऊद तिसऱ्या स्लूगीकडे बघायला वळला. मी उंटामागे बसलो. उंटवाला म्हणाला, “काय झालं, काका?” मी म्हटलं, वाळू गेली.

संध्याकाळच्या गोळीची वेळ चुकवू नकोस, जत्रेच्या गडबडीत तू तिला मांस आधी दिलंस, तेही मी पाहिलं. येत्या शुक्रवारी आम्ही दोघं येतोय. मी कान लावीन, मबरूका सुई धरील, तू मान धर. आणि ट्रे घेऊन फिरशील तेव्हा माझा ग्लास सोडू नकोस.

फर्जानी